व्हिडिओ सात

तालुक्याहून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये सोळा व्हिडिओ.
एकाला आवाज नाही, दोन आतून कोरेच.
उरलेले मी आधी घरी बघून ठेवले.
बायको म्हणाली,
ताटावर बसल्यावर आतडी नका लावू.

खिडक्यांना धानाची रिकामी पोती बांधली.
तरी विणीतून उजेड शिरतोच
आणि भिंतीवरच्या हृदयावर
बारीक ठिपके उठतात,
गोवर आल्यासारखे.
डावा कप्पा नेमका ओलीच्या पोपड्यांवर येतो,
दर ठोक्याला वाटतं, आता चुना झडणार.

'हृदय म्हणजे एक पंप,' बाई सांगते.
शहरातली असावी. खैरीटोल्याच्या उन्हात
कधी घसा कोरडा पडला नसावा तिचा.
वंशिल गुरनुलेचा हात वर :
"किती हार्सपावरचा हाये जी?"
मी म्हटलं, एका हॉर्सपॉवरचे पाचशे भाग कर,
त्यातला एक.
"मंग तं वाफाबी नाई भिजत!"
आणि मागून कुणीतरी, "अन् लाइन गेली तं?"
त्याला लाइन लागत नाही, मी म्हटलं.
खरं तर लागते.
पण ते पुढच्या वर्गात.

मग रक्त.
गोल गोल लाल पेशी नळीतून निघाल्या.
बाई म्हणाली, डोनटसारख्या.
मी व्हिडिओ थांबवला. डोनट सोडा,
कणकेचा गोळा घ्या, दोन्हीकडून अंगठ्यानं दाबा.
एकतिसांनी हवेत अंगठे दाबले.
पुन्हा सुरू केला.
पेशी चालल्या एकामागं एक,
प्रार्थनेनंतरच्या रांगेसारख्या,
ना कुणी थांबत, ना कुणी कुणाला ढकलत.

तिसऱ्या ओळीतून सुकेशनी रामटेके,
महिन्यातले चार-पाच दिवस जिच्या नावापुढं
मी 'गै' लिहितो,
ऐकू येईल न येईल असं म्हणाली :
"सर, याच्यात माहीवाली कोणती होय?"

तिला ठाऊक होतं.
दवाखान्याचं कार्ड दप्तरातच असतं तिच्या,
इंग्रजीच्या पुस्तकात, खूण म्हणून.
ठाऊक मलाही होतं,
तरी मी व्हिडिओ मागं नेला, पुढं नेला,
जणू काही सापडेल.
एकही वाकडी पेशी नाही.
पेनड्राइव्हमधली सगळी माणसं धडधाकट.

चित्र थांबलेलं होतं.
ती उठली, खडू घेतला,
तिची सावली आधी शिरेवर पडली, मग हात.
विळा काढला. धानकापणीचा,
फक्त मूठ नसलेला.
त्याला लागून दुसरा. त्यात गुंतलेला तिसरा.
"असी होय," म्हणाली.
खडू तुटला, उरल्या तुकड्यानं अजून दोन.

वंशिल गुडघ्यांवर उभा राहून बघत होता.
"मंग थे अडकत असन ना?"
"अडकतेच तं."
"कोठी?"
तिनं गुडघा दाखवला. मग कोपर. मग पाठ,
हात पोचेल तितकी.
"आमच्या मोटरच्या फुटबॉलात कचरा अडकते, तसं?"
ती थोडा वेळ विचार करत राहिली.
"तसंच. पर दुखते."

तास संपला, प्रोजेक्टर बंद केला.
हृदय गेलं, शिरा गेल्या, गोल पेशी गेल्या,
भिंतीवर राहिले पाच विळे.
केंद्रप्रमुख आले तेव्हा म्हणाले,
चंद्राच्या कला छान काढल्यात पोरांनी,
पण पौर्णिमा कुठाय?
चुना मारून घ्या, असा शेरा देऊन गेले.
चुना अजून यायचा आहे.

आज हजेरी घेताना तिच्या नावाशी आलो.
दोनदा पुकारलं.
वंशिल मागून म्हणाला,
"कचरा अडकला जी तिच्या फुटबॉलात.
दोन दिवस नाई येत."
कुणी हसलं नाही.
रकान्यात पेन टेकवलेला होता,
तिथं एक निळा ठिपका फुगत गेला.
मग पुढचं नाव.
मग आम्ही पोती बांधली
आणि व्हिडिओ आठ लावला. पचन.